आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस पदवी: नोकरी करणाऱ्याला कितपत झेपते?

अभ्यासक्रम दर्जेदार आहे, शिकवतात मन लावून आणि परीक्षा चोख घेतात. तरीही घरबसल्या सवडीनं करू असं समजून प्रवेश घेणाऱ्या नोकरदाराची पहिल्याच टर्मला दमछाक होते. अडचण बुद्धीची नसते, तासांची असते. म्हणून इथं या पदवीकडे फक्त घड्याळाच्या बाजूनं पाहिलंय.

२०२० साली प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्समधली बीएस्सी म्हणून हा अभ्यासक्रम सुरू झाला, पुढे त्याची चार वर्षांची बीएस झाली. जेईई लागत नाही, वयाची अट नाही. बारावी झालेली हवी आणि दहावीला गणित व इंग्रजी असलेलं हवं. वर्षाला तीन टर्म असतात, जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या. प्रत्येक टर्मला बारा आठवड्यांचा अभ्यास, त्यात परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायच्या दोन क्विझ आणि शेवटी केंद्रावरच मुख्य परीक्षा. फी सगळी एकदम भरावी लागत नाही. त्या टर्मला जेवढे विषय घ्याल तेवढ्यांचीच भरायची, ही नोकरदाराच्या सोयीची गोष्ट. उत्पन्न आणि प्रवर्गानुसार ७५ टक्क्यांपर्यंत सवलतही मिळते, मात्र दाखले आधीच काढून ठेवा. ऐन मुदतीच्या वेळी तहसील कार्यालयाच्या खेपा घालत बसलात तर अभ्यासाचा पहिला आठवडा त्यातच जातो.

आता हिशेब. एका विषयाला आठवड्याला दहा तास लागतात असं संस्था स्वतःच सांगते, आणि हा आकडा फुगवलेला नाही. व्हिडिओ त्यातल्या मानानं थोडे. वेळ खातात ती सरावाची गणितं आणि गुणांसाठीची असाइनमेंट. दोन विषय म्हणजे वीस तास. सोमवार ते शुक्रवार पहाटे पाच ते सात असे दहा, शनिवारी चार, रविवारी चार, आणि उरलेले दोन तास लोकलमध्ये किंवा बसमध्ये व्हिडिओ दुसऱ्यांदा ऐकण्यात. तीन विषयांचे तीस तास होतात, आणि पूर्णवेळ नोकरी, घर, मुलांच्या शाळा सांभाळून तीस तास बारा आठवडे टिकवणारा माणूस विरळा. चार विषयांचा विचारही करू नये. नापास झालेला विषय पुन्हा फी भरून पुन्हा करावा लागतो, त्यामुळे हावरटपणा खिशालाही महागात पडतो.

प्रवेशाची पात्रता फेरी हा या अभ्यासक्रमाचा सगळ्यात प्रामाणिक भाग आहे. गणित १, सांख्यिकी १, इंग्रजी १ आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग (संगणकाच्या रीतीनं विचार करणं) या चारही विषयांचा चार आठवडे अभ्यास, दर आठवड्याला असाइनमेंट आणि मग केंद्रावर चार तासांचा एकच पेपर. हे चार आठवडे कामाच्या ऐन गर्दीतच करून पाहावेत, रजा टाकून नव्हे. रजेत पास झालात तर त्यावरून पुढचं काहीच कळत नाही.

इथं एक फसवी जागा आहे. पात्रता फेरीत जे शिकवतात तेच पहिल्या टर्मच्या पहिल्या चार आठवड्यांत पुन्हा येतं. सगळं येतंच आहे म्हणून माणूस निवांत होतो. पाचव्या आठवड्यात नवा भाग सुरू होतो, त्याच सुमारास पहिली क्विझ येते आणि गाडी रुळावरून घसरते. फाउंडेशनचे, म्हणजे पदवीच्या पहिल्या पायरीचे, व्हिडिओ यूट्यूबवर सगळ्यांना खुले आहेत. त्या निवांत चार आठवड्यांत पाचव्या-सहाव्या आठवड्याचे व्हिडिओ पाहून ठेवले की पुढे कुठे लग्न आलं, ऑडिट आलं, मूल आजारी पडलं तरी हाताशी पंधरवड्याची शिल्लक राहते.

फाउंडेशनचे आठ विषय आहेत, ३२ क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं एकक). जोड्या विचार करून लावा, कारण काही विषय दुसऱ्यांवर अवलंबून असतात. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या विषयाला आधी कॉम्प्युटेशनल थिंकिंग लागतं, सांख्यिकी २ ला सांख्यिकी १ आणि गणित १. पहिल्या टर्मला गणित १ आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग, दुसऱ्या टर्मला सांख्यिकी १ आणि पायथन, मग गणित २ बरोबर इंग्रजी १ आणि शेवटी सांख्यिकी २ बरोबर इंग्रजी २. ही मांडणी बरी पडते, कारण दोन्ही इंग्रजी जड विषयांच्या जोडीला उरतात. बरेच जण सुरुवातीलाच दोन्ही इंग्रजी उरकून टाकतात आणि शेवटी गणित २, सांख्यिकी २ एकत्र अंगावर घेतात. तसं करू नये. कॉम्प्युटेशनल थिंकिंगमध्ये गुणपत्रिका, शब्द आणि दुकानांची बिलं यांची कार्डं एकेक करून उलटत विचार करायला शिकवतात. सुरुवातीला पोरखेळ वाटतो, पण पुढे पायथनचा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेण्याची रचना) कळतो तो याच कार्डांमुळे, म्हणून दोघांत फार अंतर ठेवू नये.

पायथनच्या असाइनमेंटमध्ये वेळ कुठे जातो ते सांगायलाच हवं. प्रोग्रॅमचं उत्तर मशीन अक्षरशः तपासतं. इनपुट घेताना कंसात 'संख्या द्या' अशी सूचना लिहिली की ती सूचनाही आउटपुटमध्ये छापली जाते आणि सगळे टेस्ट केस (तपासणीसाठी दिलेले नमुने) लाल होतात. ओळीच्या शेवटी राहिलेली एक मोकळी जागाही कधी कधी नडते. दाखवलेले टेस्ट केस हिरवे झाले म्हणजे काम झालं असंही नाही, कारण काही टेस्ट केस झाकलेले असतात. रिकामी यादी, शून्य, ऋण संख्या आणि एकच घटक असलेली यादी, एवढ्या चार गोष्टी हातानं चालवून पाहायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांअभावी नोकरदाराचे गुण जातात, तर्क चुकला म्हणून क्वचितच.

असाइनमेंट शेवटच्या रात्रीवर ठेवणं ही दुसरी खोड. शंका विचारायला फोरम आहे, संध्याकाळची लाइव्ह सत्रं आहेत, पण त्यांचा उपयोग प्रश्न आधी वाचलेला असेल तरच. प्रश्न मिळाल्या दिवशीच वाचून काढा, सोडवा नंतर. पहिल्या सात असाइनमेंटपैकी चांगल्या पाचांची सरासरी किमान ४० लागते, आणि दोनपैकी एक तरी क्विझ दिलेली असावी लागते, तरच मुख्य परीक्षेला बसता येतं. म्हणजे दोन वाईट आठवडे माफ आहेत. ते दिवाळीसाठी किंवा मार्चअखेरसाठी राखून ठेवावेत, कंटाळ्यासाठी नाही. बऱ्याच फाउंडेशन विषयांत एकूण गुण दोन रीतींनी काढून जास्त भरतील ते धरतात. एका रीतीत दोन क्विझपैकी चांगली एकच मोजतात, पण तेव्हा मुख्य परीक्षेचं वजन वाढतं. एक क्विझ बुडाली म्हणून टर्म सोडू नये, मात्र मग शेवटची परीक्षा ढिली देऊन चालत नाही.

टर्मची निवड नोकरी पाहून करा. बँकेत, अकाउंट्समध्ये असाल तर जानेवारीची टर्म मार्चअखेरच्या मध्यात सापडते. त्या टर्मला एकच विषय घ्या. सप्टेंबरच्या टर्मला नवरात्र-दिवाळी असते, तेव्हा घरातल्या बाईमाणसाच्या डोक्यावर अभ्यासाबरोबर फराळही येतो, ही गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते. मे ची टर्म बहुतेकांना मोकळी जाते.

तक्रारी दोन. शिकवणं सगळं इंग्रजीतून आहे. मराठी माध्यमातून आलेल्याला पहिले काही आठवडे बोलण्याचा लिखित उतारा समोर ठेवून व्हिडिओ पाहावे लागतात आणि दहा तासांचे बारा होतात. दुसरी म्हणजे परीक्षा केंद्रं शहरांत. कोकणातल्या किंवा गडचिरोलीतल्या माणसाला परीक्षेच्या आदल्या दिवशीच निघावं लागतं, म्हणजे प्रत्येक टर्मला तीन खेपा. प्रवास आणि मुक्काम फीत धरूनच हिशेब करा.

दर टर्मला दोन विषय धरले तर वर्षाला साधारण २४ क्रेडिट होतात. त्या चालीनं पूर्ण बीएसच्या १४२ क्रेडिटना सहा वर्षं लागतात. फाउंडेशन आणि त्यापुढच्या पायरीचा एक डिप्लोमा मिळून ५९ क्रेडिट, म्हणजे अडीच वर्षं. मधल्या टप्प्यावर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. चाळिशीतल्या नोकरदारानं डिप्लोमा हेच उद्दिष्ट धरावं असं आमचं मत. पुढचं पुढे.

आणि एवढं करूनही खात्री नसेल तर आधी एनपीटेलचा (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ) आठ आठवड्यांचा एखादा कोर्स घ्या. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, फी फक्त परीक्षेची. आठपैकी चांगल्या सहा असाइनमेंट धरतात, त्यांना २५ टक्के आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५ टक्के वजन. तिथं एका विषयाची असाइनमेंट सातव्या आठवड्यातही वेळेत जात असेल, तर इथं दोन विषय घ्यायला हरकत नाही. तिसऱ्याच आठवड्यात थांबली असेल तर एकच घ्या.