स्टील की टंगस्टन, १०० की १२० ग्रेन: बाणाचं टोक निवडताना

नवी टोकं घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: स्टील घेऊ की टंगस्टन? माझं म्हणणं, आधी वजन ठरवा, धातूचं नंतर बघू. वजन बदललं की बाणाचं वागणंच बदलतं. धातूने त्या मानाने थोडाच फरक पडतो.

ग्रेन हे टोकाच्या वजनाचं एकक. १०० आणि १२० ग्रेनमध्ये अंतर जेमतेम १.३ ग्रॅमचं. पण हा भार बसतो अगदी पुढे. दोर सुटला की मागून जोर येतो, पुढचं जड टोक सहजी हलत नाही, आणि मधला दांडा जास्त वाकतो. यालाच बाण ‘वीक’ झाला म्हणतात. उजव्या हाताने रिकर्व्ह (बाहूंची टोकं पुढे वळलेलं धनुष्य) खेळणाऱ्याने पिसांशिवाय एक बाण मारून बघावा. पिसांचे बाण मध्यभागी आणि हा उजवीकडे लागला, तर टोक जड होतंय. डावीकडे लागला, तर दांडा कडक आहे. तिथे १२० कामी येईल.

जड टोकाने तोलही पुढे सरकतो. ७२० मिमीचा बाण बोटावर तोलून धरा. नॉकच्या (बाणाच्या मागचा, दोर अडकवायचा भाग) खाचेपासून ४५० मिमीवर स्थिरावला, तर मध्यापासून ९० मिमी पुढे, म्हणजे एफओसी (तोल मध्यापासून किती पुढे, ते बाणाच्या लांबीच्या टक्क्यांत) १२.५ टक्के. टार्गेटसाठी हे छान. ७० मीटरवर आडवा वारा सुटला की पुढे तोल असलेला, वजनदार बाण कमी भरकटतो. पण वेग घटतो, बाणाच्या मार्गाची कमान वाढते. धनुष्य ओढायला जेमतेम २६-२८ पाउंडांचं असेल तर लांब अंतरावर साइट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) इतकी खाली घ्यावी लागते की बाण तिला घासण्याची भीती. अशांनी हलकंच टोक ठेवावं.

आता धातू. स्टेनलेस स्टील स्वस्त, गंजाची चिंता नाही, आणि ब्रेक-ऑफ प्रकारात मागचा तुकडा पक्कडीने मोडून १२० चं ११० किंवा १०० करता येतं. वजन अजून ठरलं नसेल तर ही सोय फार मोठी आहे. टंगस्टनची घनता स्टीलच्या दुपटीहून जास्त. तेवढंच वजन आखूड टोकात मावतं, भार आणखी पुढे जातो. बारीक दांड्यात जड टोक हवं असेल तर याला तोड नाही. शिवाय ते लवकर बोथट होत नाही. मात्र ठिसूळ आहे. दगडावर आदळलं तर तुटू शकतं, आणि महाग असल्याने ते चांगलंच बोचतं. पितळ मऊ, टार्गेटसाठी मी घेणार नाही.

१८ मीटर इनडोअरला वाराच नाही, तिथे टंगस्टनवर पैसे घालू नका. ७० मीटरवर तुमचा ग्रुप (लागलेल्या बाणांचा पुंजका) अजून पसरत असेल तरीही स्टीलच घ्या. ग्रुप घट्ट आहे, पण वाऱ्याच्या दिवशी गुण जातात? मग टंगस्टन.

बसवताना हॉट मेल्ट (तापवून वितळवायचा गोंद) वापरा आणि ज्योत टोकालाच द्या. कार्बनचा दांडा तापला तर कायमचा कमजोर होतो.