फक्त अक्षरे आणि अंक : इझअल्नम की रेजेक्स?

पायथनमध्ये स्ट्रिंगमध्ये अक्षरे आणि अंकांखेरीज काही नाही ना, हे तपासायचे म्हटले की हात आधी जातो तो 'इझअल्नम' या तयार मेथडकडे. तिला 'कमल' द्या, उत्तर येते ट्रू. 'कमला' द्या, येते फॉल्स. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या संगणकीय यादीत, क, म, ल हे 'लेटर' गटात मोडतात. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलंत हे सगळे 'मार्क' या वेगळ्या गटात. इझअल्नम मार्क मान्यच करत नाही. म्हणजे कमलचा फॉर्म पुढे जातो आणि कमलाचा अडतो. मराठी नावे घेणाऱ्या फॉर्मवर हे होऊ देणे मला मुळीच पटत नाही.

म्हणून आधी ठरवा की त्या रकान्यात कोड येणार आहे की माणसाचे नाव. पर्याय त्यावरूनच निवडायचा.

कोड असेल, तर इझअल्नमची अडचण उलटी आहे: ती फार सैल पडते. पॅनमधले चार अंक कोणी देवनागरीत १२३४ असे लिहिले, तरी ती ट्रू म्हणते. ½ हे चिन्हही चालते, आणि हुबेहूब इंग्रजी ए दिसणारे रशियन अक्षरही. पायथन 3.7 पासून 'इझआस्की' ही मेथड आली आहे; ती फक्त आस्की, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे, मान्य करते. दोन्ही अटी 'अँड'ने जोडल्या की हे सगळे बाहेर राहते. रिकामी स्ट्रिंगही अडते, कारण रिकामीला इझअल्नम फॉल्स देते. कूपन कोड किंवा युजरनेम असेल, तर मी हीच जोडी घेईन. वाचणाऱ्याला एका नजरेत कळते.

पॅन किंवा आयएफएससीला मात्र ती पुरत नाही, कारण तिथे क्रमही ठरलेला असतो. पॅनमध्ये पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर. आयएफएससीच्या 11 जागांपैकी पाचवी कायम शून्य. इथे रेजेक्सच हवे, म्हणजे कोणत्या जागी काय चालेल हे सांगणारा पॅटर्न. पण रेजेक्समध्ये खाचखळगे बरेच आहेत. कॅपिटल ए ते स्मॉल झेड अशी एकच रेंज लिहिली, तर मधली सहा चिन्हे, म्हणजे चौकोनी कंस, बॅकस्लॅश, अंडरस्कोर वगैरे, गुपचूप आत येतात. अक्षर किंवा अंक यासाठीचा बॅकस्लॅश डब्ल्यू अंडरस्कोरही घेतो. अंकासाठीचा बॅकस्लॅश डी पायथन 3 मध्ये देवनागरी अंकही घेतो, म्हणून शून्य ते नऊ अशी रेंज स्वतः लिहावी. आणि पॅटर्नच्या शेवटी 'इथे संपते' असे सांगणारा डॉलर लावून 'मॅच' वापरले, तर स्ट्रिंगच्या टोकाला न्यूलाइन (नवी ओळ सुरू करणारे न दिसणारे चिन्ह) असली तरी ती पास होते; म्हणून पूर्ण स्ट्रिंग जुळवणारे 'फुलमॅच' वापरा.

आता नावे. पायथनच्या आरई मॉड्यूलमधला बॅकस्लॅश डब्ल्यू इथे कामाचा नाही, कारण अक्षर कोणते हे तो इझअल्नमच्याच व्याख्येवरून ठरवतो आणि मात्रा तिथेही अडतात. दोन रस्ते उरतात. एक, 'रेजेक्स' नावाचे वेगळे पॅकेज घेऊन लेटर, मार्क आणि डेसिमल नंबर हे युनिकोड गट थेट पॅटर्नमध्ये लिहायचे. दुसरा, 'युनिकोडडेटा' मॉड्यूलने प्रत्येक कॅरेक्टरची कॅटेगरी पाहायची. बाहेरचे पॅकेज नको असेल, तर दुसरा रस्ता चार ओळींचा आहे.

तरीही एक गोष्ट निसटते. 'कऱ्हाडे' मधला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ ला हलंत जोडून, किंवा र आणि हलंतानंतर झिरो विड्थ जॉइनर टाकून. हा जॉइनर दिसत नाही, आणि तो ना लेटर ना मार्क. त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते. शिवाय नावात स्पेस, टिंब आणि हायफन येतातच. त्यामुळे नावाच्या रकान्यावर 'फक्त अक्षरे' ही अट मुळात लावूच नये, असे माझे ठाम मत आहे.

जावास्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू आस्कीपुरताच आहे. 2018 पासून यू फ्लॅगसोबत युनिकोड गट वापरता येतात. जावातली 'इझलेटरऑरडिजिट' मात्रांवर पायथनसारखीच अडते. 'इझअल्फाबेटिक' मात्रा घेते पण हलंत नाही, म्हणून तिथे कमला पास आणि विद्या नापास.

काहीही निवडा, टेस्टमध्ये या स्ट्रिंग असू द्या: कमला, विद्या, दोन्ही पद्धतींनी टाइप केलेले कऱ्हाडे, १२३४, एक अंडरस्कोर, टोकाला न्यूलाइन असलेला पॅन आणि रिकामी स्ट्रिंग.