चांदी दुरुस्त झाली, हस्तिदंताला धक्का नाही: शहापूरचे कारागीर मामा

जुन्या चांदीच्या वस्तूत हस्तिदंत, हाड किंवा चंदन बसवलेलं असेल आणि तिची दुरुस्ती करायची असेल, तर बेळगावात मी एकच जागा सांगेन. शहापूरच्या खडेबाजारातून आत वळल्यावर एका जुन्या घराच्या सोप्यात हे मामा बसतात. दुकानाला पाटी नाही. नवे दागिने इथे मिळत नाहीत, पैंजण-जोडव्यांसाठी तर येऊच नका.

आमचं भांडं आजेसासूबाईंकडून आलेलं, झाकणाचं. हत्तीचा सुळा मुळाकडे पोकळ असतो, तिथलाच आडवा तुकडा घेऊन त्याच्या अंगावर दशावतार कोरलेत. आतली वाटी, खालची बैठक, वरची कड आणि कळसाचं झाकण चांदीचं, त्यावर सोन्याचा मुलामा. नववा अवतार म्हणून बुद्धाच्या जागी विठोबा उभा आहे, कटेवर हात ठेवून. आपल्या मुलखात दशावतारात विठोबा असा अनेक ठिकाणी दिसतो, म्हणून हे काम इकडच्याच कुणा हाताचं असावं असं आम्ही मानतो. द्वादशीला त्यात खडीसाखर ठेवतात. पिढ्यान्‌पिढ्या हात लागून वराहाचं तोंड आणि वामनाची छत्री गुळगुळीत झालीय.

झाकणाची बिजागरी तुटली होती, कड हलत होती आणि बोटं लागतात तिथला मुलामा जाऊन चांदी काळी पडली होती. एका मोठ्या दुकानात दाखवलं, तर ‘अख्खं ॲसिडमधून काढून नव्यासारखं करून देतो’ म्हणाले. माझ्या पोटात गोळाच आला. हस्तिदंत म्हणजे शेवटी दात. आम्लात त्यातलं कॅल्शियम विरघळतं आणि नक्षीची धार बोथट होते. ती परत कोण आणून देणार?

मामांनी भांडं हातात घेण्याआधी कागद मागितला. ‘वैनी, वनखात्याचा दाखला हाय न्हवं? न्हाई तर मी हात लावत न्हाई.’ मला ते फार आवडलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातल्या १९८६ च्या दुरुस्तीनं भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ मध्ये आफ्रिकेतून येणाऱ्या दातावरही बंदी आली. घरात जुनी वस्तू असेल तर तिचा मालकी दाखला हवा. ती वारसाला देता येते, विकता येत नाही. आमच्याकडे दाखला आहे, त्याची प्रत मी पर्समध्येच नेली होती. खानापूरकडच्या रानात हत्ती फिरतात, आणि २००२ मध्ये कर्नाटकाच्या बाजूनेच ते मांगेलीवरून दोडामार्गात उतरले. आपल्या शिवारातल्या जनावराचा हा प्रश्न आहे, तेव्हा असा कडकपणा हवाच.

मग त्यांनी भिंग लावून कडेखालची कापलेली बाजू मला दाखवली. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेघांची जाळी दिसते, ती हत्तीच्या दाताची खूण. हाडात ही जाळी नसते, बारीक काळसर ठिपके असतात. इतकी वर्षं भांडं घरात असून ही जाळी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

कड चार बारीक चांदीच्या मेखांवर बसवलेली होती. त्या त्यांनी चिमट्याने एकेक करून काढल्या आणि चांदी वेगळी केली. हस्तिदंत मऊ सुती कापडात गुंडाळून भट्टीपासून लांब फळीवर ठेवलं, आणि काम संपेपर्यंत ते तिथून हललं नाही. बिजागरीला टाकणखार लावून झाळ दिली, म्हणजे जोडधातू वितळवून ती सांधली. चांदीच्या झाळेला सहाशे-सातशे अंशांच्या वर उष्णता लागते, म्हणजे सगळं जोडलेलं असताना हे काम केलं असतं तर हस्तिदंत करपून तडकलाच असता. विठोबाच्या खालून गेलेली केसासारखी चीर तशीच ठेवायला त्यांनी सांगितलं. त्यात गोंद भरला तर हवेप्रमाणे दात आक्रसतो-फुगतो तेव्हा शेजारी नवी चीर पडते, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडचा पावसाळा आणि मार्च-एप्रिलचा कोरडा वारा बघता मला ते पटलं.

एक गोष्ट मात्र मनासारखी झाली नाही. जुना मुलामा पाऱ्यात सोनं कालवून, तापवून पारा उडवून केलेला होता. तो धूर विषारी, म्हणून मामा ते करत नाहीत, आणि त्यांनी करू नयेच. त्यांनी फक्त कडेला विजेवर सोन्याचं पाणी चढवून आणलं. ते झाकणाच्या जुन्या रंगापेक्षा पिवळं दिसतं. झाकणही त्याच रंगाचं करता का, असं विचारल्यावर ‘जुनं सोनं अजून धरून हाय, का घालवायचं?’ म्हणाले. झाकण होतं तसंच राहिलं.

वेळेच्या बाबतीत मात्र धीर ठेवा. सांगितलेली तारीख उलटून गेली, फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं. मजुरी वाजवी. देताना-घेताना चांदीचा प्रत्येक भाग माझ्यासमोर वजन करून पावतीवर लिहिला.

निघताना सांगितलेली पथ्यं अशी: रिठा, चिंच, लिंबू भांड्याजवळही नको. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झाडायची. समईच्या आचेजवळ ठेवायचं नाही. रबर बँड लावायचा नाही, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. कायम कपाटात कोंडायचं नाही, अंधारात हस्तिदंत पिवळा पडतो. पण थेट उन्हातही ठेवायचं नाही.

अमावास्येला काम बंद असतं. चंदगड-निपाणीकडून येणाऱ्यांनी सकाळी यावं, कारण भिंगाखालचं काम ते सोप्यात ऊन असेपर्यंतच करतात. दाखल्याची प्रत मात्र न विसरता आणा.