कोल्हापूरच्या वैरणीला जोड म्हणून घोड्यांची पूरक खाद्ये: वापरानंतरचे मत

कोल्हापुरात घोडे पाळणारे आम्ही लोक फार नाही. रंकाळ्यावर मुलांना फिरवणारे, वरातीला घोडी देणारे, घोडागाडीच्या शर्यतीत उतरणारे आणि निव्वळ हौसेपोटी घरी एखाद-दुसरी घोडी बांधणारे, एवढाच हा गोतावळा आहे. त्यामुळे घोड्यांची जीवनसत्त्वे आणि खनिजे शहरातल्या मोजक्याच औषध दुकानांत मिळतात आणि त्यांच्याविषयी मराठीत लिहिलेले जवळजवळ काहीच वाचायला मिळत नाही. गेल्या वर्षभरात मी आमच्या घोड्यांना खनिज भुकटी, खुरांसाठी बायोटिन (ब गटातले एक जीवनसत्त्व) आणि घामाची भरपाई करणारे इलेक्ट्रोलाइट (क्षारांचे मिश्रण) अशी तीन पूरके दिली. कंपन्यांची नावे न घेता, प्रत्येक प्रकार आपल्याकडच्या चंदी-वैरणीला (दाण्याचा खुराक आणि चारा) कितपत उपयोगी पडतो, ते येथे नोंदवत आहे.

आधी वैरणीचा विचार करावा लागतो, कारण पूरक कशाला पुरे पडायचे आहे हे तिच्यावरच ठरते. आपल्या जिल्ह्यात उसाचे वाढे आणि हत्तीघास मुबलक. चंदीत भरडलेला हरभरा आणि त्यावर सढळ हाताने गव्हाचा भुसा, म्हणजे कोंडा. घोड्याच्या एकूण खाद्यात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या निदान बरोबरीने, शक्यतो दीडपट ते दुप्पट असावे लागते. भुशात मात्र कॅल्शियमच्या सुमारे दहापट फॉस्फरस असतो. तीनशे किलो वजनाच्या प्रौढ घोडीला दिवसाला साधारण 12 ग्रॅम कॅल्शियम आणि 8 ते 9 ग्रॅम फॉस्फरस पुरतो, तर दोन किलो भुशातूनच तिला वीस ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस आणि जेमतेम दोन ग्रॅम कॅल्शियम मिळते. भरीला भर म्हणजे वाढ्यांत आणि हत्तीघासात ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते. ते आतड्यात कॅल्शियमला बांधून ठेवते आणि वैरणीत असलेले कॅल्शियमही अंगी लागू देत नाही. रक्तातली पातळी राखण्यासाठी शरीर मग हाडांतून कॅल्शियम ओढून घेते, घोडा आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडतो, आणि दुर्लक्ष झाले तर जबड्याची व नाकाच्या बाजूची हाडे फुगतात. पूर्वी कोंड्यावर पोसलेल्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांत हा विकार इतका दिसे की युरोपात त्याला त्यांचेच नाव पडले होते.

म्हणून तिन्ही पूरकांत मला सर्वांत मोलाची वाटली ती खनिज भुकटी, पण तिची निवड डोळसपणे करावी. दुकानात सहज पुढे केले जाणारे डायकॅल्शियम फॉस्फेट कॅल्शियमबरोबर भरपूर फॉस्फरसही देते. भुसा चालू असताना त्याने तोल सावरत नाही. मी निवडलेल्या भुकटीत कॅल्शियम मुख्यतः शुद्ध चुनखडीचे आहे आणि जस्त, तांबे, सेलेनियम यांचे प्रमाण डब्यावर स्वच्छ छापलेले आहे. ती पाण्यात भिजवलेल्या चंदीत नीट मिसळते आणि घोड्या तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशवीत) मागे ठेवत नाहीत. सोबत भुसा निम्म्याहून कमी केला आणि लसूणघास सुरू केला. हा बदल केल्याशिवाय नुसत्या भुकटीवर विसंबणे मला चुकीचे वाटते. घरातला खायचा चुना हा चुनखडीला पर्याय नाही, तो घोड्याला देऊ नये.

बायोटिनबद्दल माझे मत चांगले आहे. अट एकच, धीर हवा. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला 15 ते 20 मिलिग्रॅम इतकी मात्रा लागते आणि कित्येक डब्यांवरचा एक चमचा त्याच्या निम्माही भरत नाही, म्हणून खरेदीआधी हा हिशेब करावा. खुराची भिंत महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढते; नवे, घट्ट खूर वरून खाली जमिनीपर्यंत यायला नऊ महिने ते वर्ष जाते. आमच्या धाकट्या घोडीच्या खुराच्या कडा पावसाळ्यात तुटत आणि नाल टिकत नसे. आता वरून आलेला भाग एकसंध आहे आणि खिळे पक्के धरतात, हे नालबंदानेही आपणहून सांगितले.

इलेक्ट्रोलाइटने मात्र निराशा केली. घोड्याच्या घामात लिटरमागे सुमारे नऊ-दहा ग्रॅम क्षार जातात, त्यांत सोडियम आणि क्लोराइड सर्वाधिक. या पाकिटात मात्र बहुतांश ग्लुकोजच निघाले. रोज चंदीत एक मोठा चमचा साधे मीठ आणि समोर कायम स्वच्छ पाणी, यावर आमच्याकडे उन्हाळ्याची कामे व्यवस्थित पार पडतात. मीठ देऊन पाणी रोखणे घातक आहे, हे मोतद्दाराला बजावून ठेवावे.

रक्तवाढीची लाल टॉनिके मी घेतली नाहीत. हिरव्या वैरणीत घोड्याच्या गरजेहून अधिक लोह असते आणि जादा लोह यकृताला बाधते. जीवनसत्त्व अ आणि ई यांचीही हिरवा चारा असेपर्यंत चिंता नसते. उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर दिवस काढावे लागले तर जीवनसत्त्व ई जरूर द्यावे. मात्र ज्या भुकटीत सेलेनियम आहे तिच्या जोडीला सेलेनियमचे दुसरे पूरक नको: अतिरेकाने आयाळ आणि शेपटीचे केस झडतात, खुरांना आडव्या भेगा पडतात.

ज्या दुकानातून ही खरेदी होते, तिथे विकणारा पहिल्यांदा ‘जनावर कोणते?’ असे विचारतो, हे मला फार मोठे वाटते. दुसऱ्या एका ठिकाणी दुभत्या गाईंचे खाद्य-पूरक घोड्यालाही चालेल, असे बिनदिक्कत सांगितले गेले. अशा काही पूरकांत आणि कोंबडीच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गाईला ते सोसते. घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंचा मात्र ते नाश करते, किलो वजनामागे दोन-तीन मिलिग्रॅम जीवघेणे ठरू शकते आणि त्यावर उतारा नाही. डब्यावर घोड्याचा स्पष्ट उल्लेख आणि घटकांची पूर्ण यादी नसेल, तर तो डबा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, आणि आपल्या पशुवैद्यांना ती यादी दाखवल्याशिवाय एकही चमचा तोबऱ्यात घालू नये.