परळची खोली विकून डोंबिवली गाठावी, की टॉवरची वाट पाहावी?

लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या ज्या चाळीत पुनर्विकासाची बोलणी सुरू झालीत, तिथे रात्रीच्या जेवणानंतर हाच विषय निघतो. पागडीची खोली (एकरकमी पागडी देऊन नावापुरत्या भाड्यावर घेतलेली, मालकी घरमालकाचीच) आत्ताच विकून डोंबिवली-बदलापूरला ऐसपैस घर घ्यायचं, की चाळ पडून टॉवर उभा राहीपर्यंत कळ काढायची? माझं मत आधीच सांगते. घरात म्हातारी माणसं असतील आणि बिल्डरचे कागद धड असतील, तर थांबा. नोकऱ्या ठाणे-ऐरोलीकडे असतील तर खुशाल जा, पण खोली पडेल त्या भावात टाकून जाऊ नका.

आधी भावाचं बोलू, कारण फसगत तिथेच होते. 18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, एकेक गिरणी बंद पडत गेली. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जागेचे पालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे ठरले होते. 2001च्या बदलाने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि 2006मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. गिरण्यांच्या जागी मॉल, ऑफिसं आणि टॉवर आले. आज तुमच्या चाळीखालच्या जमिनीचा भाव या टॉवरच्या हिशेबाने लागतो, तुमच्या खोलीचा मात्र पागडीच्या खोलीचा. मधला फरक खोली घेणाऱ्याच्या पदरात पडतो.

त्यातही पागडी विकताना येणारी सगळी रक्कम तुमची नसते. घरमालक रिवाजाने साधारण एक तृतीयांश वाटा घेतो, मग कर, मग दलाली. उरलेल्या पैशात डोंबिवलीला घर येतं, हे खरं. स्वतःचं संडास-बाथरूम, मुलांना वेगळी खोली, आणि तेही याच वर्षी. पोटमाळ्यावर वाकून झोपणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही. सुनेला कपडे बदलायला आडोसा मिळतो, याचा हिशेब कोणी कागदावर मांडत नाही, तो मांडायला हवा.

टॉवरच्या बाजूने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वरळीची बीडीडी चाळ आहे. 160 चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात 500 चौरस फुटांचं घर, आणि ऑगस्ट 2025मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. पण तो म्हाडाचा प्रकल्प आहे. खासगी बिल्डर जुनी उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) इमारत घेतो तेव्हा नियमाने किमान 300 चौरस फूट मिळतात, वरचं जे काही ते वाटाघाटीचं. आणि उलट टोकाला गोरेगावची पत्रा चाळ आहे: 2008मध्ये करार झाला, 672 कुटुंबं घराबाहेर पडली, बिल्डरकडून मिळणारं पर्यायी घराचं भाडं थांबलं आणि घरांची वाट पाहण्यात वर्षांमागून वर्षं गेली. म्हणून नव्या घराचा नोंदणीकृत करार हातात येईपर्यंत खोलीची चावी देऊ नका. घराचं क्षेत्रफळ कार्पेटमध्ये (म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा) लिहिलंय का, भाड्याचे पुढचे चेक मिळालेत का, काम रखडलं तर काय, हे त्यात स्पष्ट हवं.

नव्या घरातला मेंटेनन्स हा मला सगळ्यात मोठा धोका वाटतो. चाळीत भाडं नावापुरतं असतं. टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, जनरेटर, सिक्युरिटी, सगळ्याचं बिल दरमहा दारात येतं. बिल्डर म्हणतो, कॉर्पस (मेंटेनन्ससाठीची एकरकमी ठेव) देतो, त्याच्या व्याजात भागेल. हिशेब करून बघा: घरटी 5 लाख ठेवले आणि 7 टक्के व्याज धरलं, तर महिन्याला 2,900च्या आसपास येतात. मेंटेनन्स त्याहून जास्त असेल तर उरलेले घरातून भरायचे, आणि तो दरवर्षी वाढणार. पेन्शनीवर चालणारं घर इथेच मोडतं. मग कोटींचा फ्लॅट असूनही माणूस तो विकून बदलापूर गाठतो. तरीही फरक आहेच: तो फ्लॅटच्या भावाने विकतो, खोलीच्या नाही.

उपनगराचा खर्च वेगळ्या खिशातून जातो. डोंबिवली सीएसएमटीपासून 48 किलोमीटर, बदलापूर 68. बदलापूरहून एका बाजूला दीड तास धरा, तोही गाडीत शिरता आलं तर. परळला केईएम, वाडिया, टाटा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. डायलिसिस किंवा केमोथेरपी चालू असलेलं माणूस घरात असेल, तर या एका कारणासाठी परळ सोडू नये असं मी म्हणेन. गणपती, मंडळ, ओळखीपाळखी हे सगळं सुटतं ते वेगळंच. पण सणाला लोक येऊन जातात, दवाखान्याला रोज कसं येणार?

एक मधला रस्ता आहे. चाळ रिकामी झाली की बिल्डर भाडं देतो. त्या भाड्यात डोंबिवलीला राहून बघा. प्रवास झेपतो का, मुलं रमतात का, ते तोवर कळेल. नाही झेपलं तर परळला परत या. झेपलं तर नवा फ्लॅट भाड्याने देऊन तिथेच राहा.

मात्र दोन्ही वाटा एका कागदाशी येऊन अडतात. पुष्कळ घरांत भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर आहे आणि वारस पाच जण. बिल्डर आला की गावाकडचे काकाही हक्क सांगतात, आणि ते चूक नसतात. भावंडांना बसवून आत्ताच लेखी काय ते ठरवा, पावती नावावर करून घ्या, जुनी लाईट बिलं आणि रेशनकार्ड जपून ठेवा. पुनर्विकासात घर मिळणाऱ्या रहिवाशांच्या पात्रता यादीत नाव नसेल तर खोली धड विकताही येत नाही आणि टॉवरमध्ये घरही मिळत नाही.