सहा मिनिटांचे साडेतीन हजार: इंग्लंडच्या इमिग्रेशन वकीलबाईंचा पाच महिन्यांचा अनुभव

स्पॉन्सर लायसन, सीओएस, साठ दिवसांचं पत्र हे ज्यांच्या घरात होऊन गेलंय त्यांना समजावत बसत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच: लायसन म्हणजे परदेशी कामगार ठेवायचा मालकाचा परवाना, सीओएस म्हणजे तो मालक व्हिसासाठी कामगाराला देतो ते प्रमाणपत्र, आणि पत्राचं पुढे येतंच. धाकटी बहीण २०२३ च्या शेवटी केअर वर्कर व्हिसावर इंग्लंडला गेली. सुरतच्या एजंटने १४ लाख घेतले, आता अर्धं अमळनेर सुरतच्याच उधना भागात राहतं त्यामुळे माणूस ओळखीतलाच निघाला आणि तिथेच आपण फसतो. आठवड्याला ३९ तासांचं काम सांगितलेलं, मिळायचे दहा-बारा. मग मे २०२५ मध्ये कंपनीचं लायसनच रद्द झालं आणि होम ऑफिसचं, म्हणजे तिकडच्या गृहखात्याचं पत्र, ६० दिवसांत नवा मालक शोधा नाहीतर निघा.

रूममेटने या सॉलिसिटर बाईंचं नाव दिलं. माहितीत लिहिलेलं की आधी बरीच वर्षं मानवी हक्कांच्या संस्थेत, डिटेन्शन सेंटरमध्ये अडकलेल्यांच्या केसेस. वाचून मी म्हटलं ही बाई आपल्या काय कामाची, आपल्याला काय मोर्चा काढायचाय का, आपल्याला व्हिसा पाहिजे.

आणि मग ते सहा मिनिटांचं प्रकरण. तिकडचे वकील सहा मिनिटांचं एक युनिट धरतात. ताशी २५० पौंड म्हणजे युनिट २५, वर २० टक्के व्हॅट, झाले ३०. पौंड तेव्हा ११५ च्या आसपास, म्हणजे साडेतीन हजाराला पन्नास कमी. दोन मिनिटं बोला की सहा, बिल सहाचंच. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, शेतकरी जळालेली सबमर्सिबल घेऊन येतो, मी अर्धा तास उघडून बघतो, चहा पाजतो आणि बघायचा एक रुपया घेत नाही. इकडे मी मेलला नुसतं 'नोटेड मॅडम, थँक यू' लिहिलं तर पुढच्या बिलात ओळ, 'क्लायंटच्या भावाचा ईमेल वाचणे, १ युनिट'. चार शब्द! बहिणीच्या व्हिसात केअर वर्करचा कमीत कमी रेट तेव्हा ताशी १२.८२ पौंड, म्हणजे माझ्या थँक यूसाठी तिने कुणाच्या तरी आजोबांना सव्वादोन तास उठवायचं-बसवायचं. मायला सांगितलं तर म्हणे, "पैसा काय झाडले लागतस का?" आणि ती एजंटला नाही, मला बोलत होती.

पहिल्या मीटिंगमध्ये तर जास्तच डोकं फिरलं. ६० दिवस मोजतोय आम्ही आणि बाई विचारतायत पासपोर्ट कुणाकडे होता, खोलीत किती जणी झोपायच्या, पगारातून काय काय कापलं, कर्ज कुणाच्या नावावर आहे. सात युनिट गेले त्यात. मी वहीत लिहिलं, 'चौकशा – ७'.

इथून पुढे माझं मत बदललं, पूर्ण नाही पण बदललं.

त्या चौकशीतूनच निघालं की कंपनीने पगारातून 'ट्रेनिंग' आणि 'स्पॉन्सर चार्ज' म्हणून जे कापलं त्यात इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी कामगार ठेवण्याचा सरकारी आकारही होता, आणि तो मालकानेच भरायचा असतो, कामगाराकडून घेताच येत नाही. बाईंनी सगळ्या पेस्लिपा आणि व्हॉट्सॲप मेसेज जमवायला लावले. म्हणाल्या, तुमच्या देशातही एजंटच्या फीचा नियम असेल, बघा. बघितला तर खरंच, नोंदणी असलेल्या रिक्रूटिंग एजंटला ३०,००० अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४०० च्या वर घेता येत नाहीत. आम्ही दिले १४ लाख, वावर गहाण टाकून. हे साडेतीन हजारवालीने सांगेपर्यंत आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं.

एवढ्या माहितीवर बहिणीला मॉडर्न स्लेव्हरीच्या, म्हणजे गुलामासारखं राबवलेल्यांसाठी असलेल्या सरकारी यंत्रणेकडे पाठवता येईल असंही बाई म्हणाल्या, पण त्यासाठी तिची संमती लागते. बहीण म्हणाली, दादा, मी गुलाम नाहीये, मला काम पाहिजे. बाईंनी एकदाच विचारलं, परत तो विषय काढला नाही. हे मला आवडलं.

अजून एक. रूममेट म्हणे असायलम टाकून दे, म्हणजे देशात जिवाला धोका आहे म्हणून आश्रय माग, दोन वर्षं कुठे गेली कळणार नाहीत. मीपण म्हटलं विचारून तर बघू, एवढी मानवी हक्कवाली आहे, चुटकीसरशी करेल. व्हिडिओ कॉलवर बाईंचा आवाज असा चढला की बहीण रडायला लागली. आयुष्यभर खऱ्या छळातून आलेल्यांची कागदं त्यांनी केलेली, खोटी गोष्ट लिहिणार नाही म्हणाल्या आणि मानवी हक्क कराराच्या आर्टिकल ८ चं कौटुंबिक जीवन वगैरे तुमच्या केसमध्ये टिकणार नाही, त्यावर पैसे घालवू नका. झापण्याचे दोन युनिट लावले, ते मी मुकाट्याने भरले.

खरा जीव वाचला तो एजंटपासून वाचला असं म्हणावं लागेल, कारण त्याने सल्ला दिला की घरी ये, इथून नवीन सीओएस काढून देतो. तिकीट बघितलेलं, मुंबईहून अमळनेरला आणायला कोण जाणार हेही ठरलेलं. बाई म्हणाल्या, हलायचं नाही. १२ मेच्या व्हाइट पेपरमध्ये, म्हणजे तिकडच्या सरकारच्या धोरणाच्या कागदात, केअर वर्करची परदेशातून भरती बंद करणार असं आलं होतं आणि २२ जुलैला ती बंद झालीच. ती घरी आली असती तर दार लागलेलं. उलट ९ एप्रिलपासून इंग्लंडच्या केअर कंपन्यांना बाहेरून माणूस आणण्याआधी अशा स्पॉन्सर गेलेल्या लोकांमध्ये शोधणं सक्तीचं केलेलं, त्यांच्यासाठी तेव्हा प्रत्येक भागात मदतकेंद्रासारखी व्यवस्था होती आणि तिथे नाव नोंदवायचे पैसे नव्हते. फुकट! बाईंनी स्वतः सांगितलं, हे माझ्याशिवाय करा. १७ जुलैला नव्या मालकाकडून अर्ज गेला. निकाल येईपर्यंत नव्या जागी काम करता येत नाही, त्यामुळे सात आठवडे घरात बसून रूमचं भाडं, तेही मीच पाठवलं, दर वेळी बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म आणि साहेबांचा तोच प्रश्न, कशासाठी पाठवताय. सप्टेंबरमध्ये मंजूर.

हिशोब: अंदाज १,८०० पौंडांचा दिलेला, झाले ८४ युनिट. थँक यूवर मी लेखी तक्रार केली, त्यांनी तो नियम कराराच्या चौथ्या पानावर आहे असं दाखवून दिलं आणि तरी युनिट काढून टाकलं. ८३ चे व्हॅटसकट २,४९०. ज्यांना जमेल त्यांनी आधीच फिक्स फी ठरवून घ्या.

एजंटकडून अजून एक रुपया आलेला नाही, तक्रार टाकलीय, तो फोन उचलत नाही.

बहिणीला वकीलबाईंना दिवाळीचा मेसेज करायचाय. मी म्हटलं कर, पण ईमेलवर नको, फाइल नंबर तर अजिबात टाकू नको.