सीट मऊ नको, नीट हवी

दर आठवड्याला मी नागपूरहून वर्ध्याला मोटारसायकलने जातो आणि सुमारे 75 किलोमीटरच्या या वाटेत बुटीबोरी मागे पडली की कंबर व मनगटे कुरकुरू लागत. आधी जेलची गादी लावून पाहिली. परंतु मे महिन्यात, पारा 45 अंशांकडे झुकलेला असताना, उन्हात उभ्या गाडीवरची ती गादी तव्यासारखी तापे आणि लवकर निवत नसे. शेवटी सीताबर्डीजवळच्या एका कुशनवाल्यांकडे मूळ सीटच नव्याने बांधून घेतली.

फोमचे नमुने काढण्याआधी कारागिरांनी मला गाडीवर बसवले, पाय जमिनीला टेकायला लावले आणि हात हँडलवर ठेवायला सांगितले. सीटचा उतार टाकीकडे असल्यामुळे शरीर पुढे घसरत होते आणि ते थोपवण्यासाठी मी नकळत हातांवर भार घेत होतो, म्हणून मनगटे दुखत आणि खांदे ताठ राहत, हे त्यांनी लगेच ओळखले. मी मऊ फोम मागितला, तर त्यांनी चक्क नकार दिला. मऊ फोम दुकानात सुखावतो, पण तासाभरात दबून तळाला टेकतो आणि मग सगळे वजन बैठकीच्या दोन हाडांवर येते. घट्ट फोम आरंभी कडक वाटला तरी वजन मांड्यांपर्यंत पसरवतो, असे त्यांचे म्हणणे. ते पटायला मला वर्ध्याची एक फेरी लागली. उतार काढल्यामुळे आता गुडघे टाकीला हलके टेकतात, कोपरे सैल राहतात आणि खड्ड्याचा हादरा थेट खांद्यात जात नाही. कंबर अजून अधूनमधून बोलते, त्यामुळे वाटेतला चहा काही सुटलेला नाही. (तो सुटावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.)

काम चोख असले तरी वेळेचा हिशेब कच्चा आहे. दोन दिवसांचा वायदा पाच दिवसांवर गेला. सीट बोटभर उंच झाली आहे, तेव्हा कमी उंचीच्या चालकांनी पाय टेकतात की नाही, हे फोम चिकटवण्यापूर्वीच पाहावे. खरी चूक शिलाईची होती: ती सीटच्या मधोमध घेतल्याने पहिल्याच पावसात पाणी मुरले आणि फोम दोन दिवस ओला राहिला. तक्रार केल्यावर त्यांनी पैसे न घेता रेक्झिनखाली प्लास्टिकचा थर घातला, पण शिलाई बाजूनेच हवी, हे कापड कापण्याआधी सांगून ठेवावे.